सच्छिद्र हाडातून जाणाऱ्या अल्ट्रासाऊंड लहरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सच्छिद्र हाड म्हणजे नेमके कोणते हाड?

मांडीच्या हाडाचा उभा छेद घेतला, तर मधल्या लांब भागात जाड, घट्ट भिंत दिसते आणि दोन्ही टोकांकडे ती भिंत पातळ होत जाऊन आतली जागा बारीक काड्या व पट्ट्यांच्या जाळीने भरलेली आढळते. ही जाळी म्हणजेच सच्छिद्र किंवा स्पंजी हाड. मणके, खुब्याचा भाग, मनगटाजवळचे हाड आणि टाचेचे हाड यांच्या आत मुख्यतः तेच असते. घट्ट हाडात पोकळीचा वाटा साधारण 5 ते 10 टक्के असतो. सच्छिद्र हाडात तो 75 टक्क्यांच्या पुढे आणि टाचेत बहुधा 85 टक्क्यांच्याही वर जातो. जाळीतली एकेक काडी साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटर जाड असते आणि दोन काड्यांमधले अंतर अर्ध्या मिलिमीटरपासून एक-दीड मिलिमीटरपर्यंत असते. पोकळी म्हटली तरी ती रिकामी नसते. तिच्यात अस्थिमज्जा असते आणि प्रौढ माणसाच्या हातापायांच्या हाडांत ही मज्जा बहुतांशी चरबीची असते. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात ही मज्जा पुन्हा पुन्हा येणार आहे, कारण लहरींच्या दृष्टीने ती जाळीइतकीच महत्त्वाची आहे.

या माध्यमात ध्वनीचा वेग किती असतो?

एकच आकडा सांगता येत नाही, आणि ज्या माहितीपत्रकात एकच आकडा दिलेला असतो त्याकडे थोडे सावधपणे पाहावे. घट्ट हाडात अनुतरंगांचा (ज्यांत कण लहरीच्याच दिशेने पुढे-मागे हलतात अशा लहरींचा) वेग सेकंदाला 3500 ते 4000 मीटर असतो, मऊ ऊतींमध्ये सरासरी 1540 मीटर धरला जातो आणि चरबीत तो 1450 मीटरच्या आसपास असतो. आता ज्या टाचेत आकारमानाच्या दहा-बारा टक्केच हाड आहे आणि उरलेली सगळी चरबीयुक्त मज्जा आहे, तिथला सरासरी वेग मज्जेच्या वेगाजवळच राहणार हे उघड आहे. हाड किती विरळ झाले आहे हे पाहण्याच्या अल्ट्रासाऊंड तपासणीत टाचेवर मिळणारे वेग प्रत्यक्षात बहुधा 1500 ते 1600 मीटरच्या पट्ट्यात असतात.

हा पट्टा किती अरुंद आहे ते एका साध्या हिशेबावरून लक्षात येईल. तीन सेंटिमीटर रुंदीच्या टाचेतून 1540 मीटर वेगाने जाणारी लहर 19.5 मायक्रोसेकंदांत पलीकडे पोहोचते, तर 1500 मीटर वेगाने जाणारीला 20 मायक्रोसेकंद लागतात. दोन टाचांमधला हा फरक यंत्राला अर्ध्या मायक्रोसेकंदात पकडावा लागतो. एवढ्या वेळेत 500 किलोहर्ट्झच्या लहरीचे जेमतेम पाव आवर्तन पूर्ण होते. म्हणूनच ‘लहर पोहोचली’ हे संकेताच्या कोणत्या बिंदूवरून ठरवायचे, पहिल्या उठावावरून की शून्यरेषा ओलांडल्यावरून, यावरही उत्तर बदलते. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे.

हाडाच्या पृष्ठभागावरूनच बहुतेक ऊर्जा परत फिरते, हे खरे आहे का?

जाड भिंतीच्या हाडाबाबत ते बऱ्याच अंशी खरे आहे. परावर्तन किती होईल हे दोन माध्यमांच्या ध्वनिरोधातील फरकावर अवलंबून असते, आणि ध्वनिरोध म्हणजे घनता गुणिले वेग. मऊ ऊतींचा ध्वनिरोध 1.6 आणि घट्ट हाडाचा सुमारे 7.2 एकक (दशलक्ष रेल) धरला, तर सरळ आदळणाऱ्या लहरीच्या दाबाचा 63 टक्के आणि ऊर्जेचा 40 टक्के भाग परत फिरतो. तिरक्या कोनात स्थिती आणखी बिकट होते. सुमारे 23 अंशांपलीकडे अनुतरंग हाडात शिरतच नाहीत आणि जे आत जाते ते अवतरंगांच्या, म्हणजे ज्यांत कण लहरीच्या दिशेला आडवे हलतात अशा लहरींच्या, रूपात जाते. सोनोग्राफीत बरगडीमागे काळी सावली पडते ती या परावर्तनामुळे आणि हाडातल्या मोठ्या क्षीणनामुळे (लहर वाटेत कमजोर होत जाण्यामुळे).

टाचेचे मात्र वेगळे आहे, आणि हा बारकावा बऱ्याच लिखाणात सुटतो. टाचेच्या बाजूंचे घट्ट कवच फारच पातळ असते, तर घट्ट हाडात 500 किलोहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी साडेसात मिलिमीटरच्या घरात असते. कवचाच्या बाहेरच्या पृष्ठभागावरचे परावर्तन आणि आतल्या पृष्ठभागावरचे परावर्तन एकमेकांच्या विरुद्ध चिन्हाचे असते. कवच तरंगलांबीच्या मानाने पातळ असले की ही दोन परावर्तने जवळजवळ एकाच वेळी परत येतात आणि एकमेकांना बऱ्याच प्रमाणात खोडून काढतात. कवच 0.3 मिलिमीटर जाड मानले तर 500 किलोहर्ट्झला सुमारे एक पंचमांश ऊर्जाच परत फिरते, बाकीची आत जाते. जाडी किंवा वारंवारता वाढली की ही सवलत झपाट्याने संपते.

लहर एकदा आत शिरली की तिच्या दोन लहरी होतात, असे वाचले. ते कसे?

या विषयाचा गाभा याच प्रश्नात आहे, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे.

साध्या घन पदार्थात एक अनुतरंग आणि एक अवतरंग असे दोनच प्रकार असतात. द्रव भरलेल्या सच्छिद्र पदार्थात मात्र घन सांगाडा आणि द्रव यांना काही मर्यादेत स्वतंत्रपणे हलता येते, आणि त्यामुळे अनुतरंगांचे दोन प्रकार संभवतात. पहिल्यात सांगाडा आणि द्रव एकाच दिशेने, एकमेकांच्या तालावर हलतात. ही वेगवान लहर. दुसऱ्यात ते परस्परविरुद्ध दिशांना सरकतात. ही मंद लहर. बेल्जियममध्ये जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ मॉरिस बायो यांनी 1956 साली दोन भागांत हा सिद्धांत मांडला. त्यांच्यासमोर हाड नव्हते. तेल आणि पाणी धरून ठेवणाऱ्या खडकांचा अभ्यास हे त्या कामाचे निमित्त होते. मंद लहर प्रयोगात स्पष्टपणे दिसायला 1980 साल उजाडले. त्या वर्षी थॉमस प्लोना यांनी काचेचे मणी तापवून एकमेकांना जोडलेली, पाण्याने भरलेली सच्छिद्र वडी वापरली आणि तिच्यातून दोन वेगळे अनुतरंग बाहेर पडताना नोंदवले.

हाडापर्यंत ही गोष्ट ठामपणे पोहोचली ती 1997 साली. जपानमधील अत्सुशी होसोकावा आणि ताकाहिको ओतानी यांनी गोवंशीय प्राण्याच्या मांडीच्या हाडाचे सच्छिद्र तुकडे घेऊन दोन्ही लहरी वेगवेगळ्या मोजल्या. हाडाचा वाटा वाढला की वेगवान लहरीचा वेग आणि उंची दोन्ही वाढतात आणि मंद लहर लहान होत जाते, असे या प्रकारच्या मोजमापांत दिसते. एक सेंटिमीटर जाडीच्या तुकड्यात वेगवान लहर 2400 आणि मंद लहर 1400 मीटर वेगाने गेली असे धरले, तर पहिली 4.2 आणि दुसरी 7.1 मायक्रोसेकंदांत बाहेर येते. एक मेगाहर्ट्झच्या लहरीची जवळपास तीन आवर्तने बसतील एवढे हे अंतर आहे, त्यामुळे पडद्यावर आधी एक लहान, पसरट उठाव आणि मागून एक उंच, टोकदार उठाव असे चित्र दिसते.

मग दर वेळी दोन उठाव का दिसत नाहीत?

कारण जाळीला दिशा असते. ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने काड्या रांगेत लागतात. लहर काड्यांच्या दिशेने गेली तर सांगाड्याला सलग, ताठ वाट मिळते, वेगवान लहर खरोखर वेगाने जाते आणि दोघी सुट्या होतात. लहर आडवी गेली तर सांगाडा लवचिक वागतो, वेगवान लहर रेंगाळते आणि दोन्ही उठाव एकमेकांत मिसळतात. तपासणीच्या यंत्रात टाचेचे मोजमाप पायाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे मुख्य काड्यांना आडवे घेतले जाते. त्यामुळे तिथे एकच उठाव दिसतो, पण तो दोघींचा मिळून झालेला असतो. ओतानी यांच्या पुढच्या कामातून जपानमध्ये मनगटाजवळच्या हाडात दोन्ही लहरी वेगळ्या पकडण्याचा प्रयत्न झाला, त्यामागे हेच कारण होते.

मज्जा इतकी चिकट असताना ती सांगाड्यापासून वेगळी कशी हलते?

चिकट द्रव भिंतीजवळ भिंतीबरोबरच ओढला जातो, हे बरोबर आहे. पण हा ओढा भिंतीपासून किती अंतरापर्यंत पोहोचतो हे वारंवारतेवर अवलंबून असते. कंप जितका जलद, तितका तो थर पातळ. पाण्यासाठी 500 किलोहर्ट्झला या थराची जाडी सुमारे 0.8 मायक्रोमीटर येते. पाण्याच्या शंभरपट विष्यंदिता (चिकटपणा) असलेला द्रव घेतला तरी ती आठ मायक्रोमीटरच्या आसपास राहते. पोकळीची रुंदी साधारण हजार मायक्रोमीटर आहे. म्हणजे भिंतीला चिकटलेला थर नगण्य, आणि मधला सगळा द्रव आपल्या जडत्वानुसार हलायला मोकळा. त्या पातळ थरातले घर्षण मात्र फुकट जात नाही, तिथेच ऊर्जेचा काही भाग उष्णतेत बदलतो.

याखेरीज द्रवाला सरळ जाता येत नाही, काड्यांना वळसे घालत जावे लागते. या वळणदारपणासाठी एक स्वतंत्र गुणक वापरतात. 1987 साली जॉन्सन, कोप्लिक आणि डॅशन यांनी वळणदारपणा आणि पोकळीची एक ठरावीक लांबी यांच्या आधारे हे घर्षण कसे मांडावे ते दाखवले. मानवी सच्छिद्र हाडाच्या तुकड्यांवर बायोचा सिद्धांत लावताना पुढे बऱ्याच संशोधकांनी हीच मांडणी घेतली.

हाडाच्या आत परावर्तन नेमके कोठून होते? प्रत्येक काडीवरून का?

पृष्ठभागावर लागू होणारा 63 टक्क्यांचा हिशेब आतल्या काडीला लावणे ही सर्रास होणारी गफलत आहे. तो हिशेब विस्तीर्ण, सपाट सीमेसाठी आहे. मज्जेत 500 किलोहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी तीन मिलिमीटर असते आणि काडीची जाडी तिच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढी. इतक्या बारीक वस्तूवरून आरशासारखे परावर्तन होत नाही. लहर तिला वळसा घालून पुढे जाते आणि ऊर्जेचा अगदी छोटा अंश सगळ्या दिशांना विखुरतो, यालाच इथे विकिरण म्हटले आहे. मागे येणारा प्रतिध्वनी हा अशा शेकडो काड्यांवरून आलेल्या क्षीण विकिरणांची बेरीज असतो. या बेरजेत कुठे भर पडते, कुठे वजाबाकी होते, आणि म्हणून पडद्यावर सुबक रेषेऐवजी ठिपक्यांची गर्दी दिसते.

या विकिरणाचा नियम सुटसुटीत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील कीथ वेअर यांनी मानवी टाचेच्या हाडांवर केलेल्या मोजमापांत मागे येणाऱ्या विकिरणाची तीव्रता वारंवारतेच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढताना आढळली. बारीक गोल कणांसाठी हा घात चार असतो, बारीक लांबट काड्यांसाठी तीन. म्हणजे लहरीला जाळी काड्यांचीच बनलेली ‘दिसते’. वारंवारता दुप्पट केली की विकिरण आठपट. तसेच बारीक काडीसाठी ते जाडीच्या चौथ्या घाताने बदलते, म्हणून काडी पाव हिश्शाने झिजली तर तिचे विकिरण जवळजवळ एक तृतीयांशावर येते. हाडाचे वस्तुमान थोडे कमी झाले तरी काड्या बारीक होण्याचा परिणाम प्रतिध्वनीत ठळक उमटू शकतो, हे या मार्गाचे खरे आकर्षण आहे.

सच्छिद्र हाडाच्या स्वतःच्या पृष्ठभागावर, कवच काढून टाकले असता, फार थोडे परावर्तन होते. पोकळ्यांची तोंडे उघडी असली तर बाहेरचा द्रव आत-बाहेर करू शकतो आणि लहर सहज आत सरकते. तोंडे बंद असली तर सगळा धक्का सांगाड्यालाच बसतो आणि मंद लहर क्षीण होते. म्हणून प्रयोगशाळेत कापलेल्या तुकड्याचे निष्कर्ष कवचासहित हाडाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

विकिरण इतके कमी असेल, तर लहर एवढी क्षीण का होते?

प्रश्न अगदी नेमका आहे. मऊ ऊतींमध्ये क्षीणन प्रति सेंटिमीटर प्रति मेगाहर्ट्झ अर्ध्या डेसिबलच्या आसपास असते. टाचेच्या सच्छिद्र हाडात ते दहा डेसिबलच्या घरात, म्हणजे विसेक पटींनी जास्त असते. शिवाय ते वारंवारतेबरोबर जवळजवळ सरळ रेषेत वाढते. मागे येणारे विकिरण तिसऱ्या घाताने वाढत असताना एकूण क्षीणन मात्र पहिल्याच घाताने वाढते, यावरून एवढे निश्चित म्हणता येते की क्षीणनाचा मोठा भाग या विकिरणातून येत नाही. काड्यांशी भिडताना अनुतरंगांचे अवतरंगांत रूपांतर होऊन ते सांगाड्यातच विरणे, घन पदार्थातले शोषण आणि द्रवाचे घर्षण हे त्याचे मुख्य वाटेकरी मानले जातात.

एक वाटेकरी मात्र खोटा आहे. टाचेतून बाहेर पडणारी लहर सगळीकडे एकाच वेळी पोहोचत नाही, कारण कुठे हाड जास्त, कुठे कमी असते. लहर टिपणारी ग्राहक चकती मोठी असेल तर तिच्या एका भागावर दाबाचा उंचवटा आणि दुसऱ्यावर खोलगट भाग एकाच क्षणी पडतो, आणि चकती दोघांची बेरीज करून कमी संकेत दाखवते. ऊर्जा प्रत्यक्षात पोहोचलेली असते, नोंद होत नाही एवढेच. मोजलेले क्षीणन त्यामुळे खऱ्यापेक्षा जास्त भरते.

सोनोग्राफीत 3 ते 10 मेगाहर्ट्झ वापरतात, मग हाडासाठी अर्धाच मेगाहर्ट्झ का?

अडीच सेंटिमीटर सच्छिद्र हाड आणि वरचाच दहा डेसिबलचा दर घेऊ. अर्ध्या मेगाहर्ट्झला साडेबारा डेसिबल क्षीणन होते, म्हणजे लहरीची उंची सुमारे एक चतुर्थांश उरते. ती आरामात मोजता येते. हाच दर पाच मेगाहर्ट्झपर्यंत टिकला असे मानले, तर क्षीणन 125 डेसिबल होते आणि पलीकडे मोजण्याजोगे काही उरत नाही. उलट वारंवारता फार खाली नेली तर तरंगलांबी टाचेच्या आकाराच्या जवळ जाते आणि लहर हाडाला वळसा घालून मऊ ऊतींतूनच पलीकडे पोहोचते. 0.2 ते 0.6 मेगाहर्ट्झ हा पट्टा या दोन अडचणींच्या मधला आहे.

याच पट्ट्यात क्षीणनाचा वारंवारतेनुसार चढ किती आहे हे मोजायची पद्धत ब्रिटनमध्ये ख्रिस्तियन लँग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली मांडली. या चढालाच ‘बीयूए’ (ब्रॉडबँड अल्ट्रासाऊंड अटेन्युएशन) म्हणतात आणि तो डेसिबल प्रति मेगाहर्ट्झ या एककात सांगतात. युक्ती अशी, की आधी पाण्यातून आणि मग टाचेतून संकेत घ्यायचा आणि दोहोंची तुलना करायची, म्हणजे यंत्राचे स्वतःचे गुणदोष वजा होतात. निरोगी हाडात चढ जास्त, विरळ झालेल्या हाडात कमी. जाळीत काड्या जितक्या जास्त, तितका लहरीला अडथळा जास्त. त्यामुळे इथे जास्त क्षीणन हे चांगले लक्षण ठरते, ही गोष्ट पहिल्यांदा अहवाल वाचणाऱ्यांना उलटी वाटते.

वारंवारता वाढली की हाडात वेग कमी होतो, असे काही मोजमापांत दिसते. हे नियमाविरुद्ध नाही का?

क्षीणन वारंवारतेबरोबर वाढत असेल तर वेगही किंचित वाढायला हवा. कार्यकारणभावावर उभे असलेले क्रॅमर्स-क्रोनिग संबंध तसे सांगतात. सच्छिद्र हाडात मात्र बऱ्याचदा उलटे अपस्करण (वारंवारतेनुसार वेग बदलणे) आढळे आणि अनेक वर्षे त्याचा उलगडा होत नव्हता. 2006 साली अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मारुत्यान, हॉलंड आणि मिलर यांनी दाखवले की वेगवान आणि मंद या दोन्ही लहरींचा वेग, स्वतंत्रपणे पाहिला तर, वारंवारतेबरोबर वाढत असला तरी त्या एकमेकींवर आल्या आणि आपण त्यांना एकच लहर समजून हिशेब केला, की वेग घटताना दिसतो. बिघाड निसर्गनियमात नसून ‘एकच लहर आहे’ या गृहीतात होता. नंतर याच गटाने संभाव्यतेच्या पद्धतीने मिसळलेल्या दोन लहरी गणिताने सुट्या करण्याचे काम पुढे नेले.

मोफत शिबिरात टाचेची तपासणी झाली आणि ‘टी-स्कोअर उणे 2.6’ आला. मला ऑस्टिओपोरोसिस (हाडे विरळ व ठिसूळ होण्याचा आजार) आहे का?

केवळ या आकड्यावरून तसे म्हणता येत नाही. टी-स्कोअर म्हणजे आपले मोजमाप निरोगी तरुण प्रौढांच्या सरासरीपासून किती दूर आहे हे सांगणारा आकडा. उणे 2.5 ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या 1994 च्या व्याख्येतून आली आहे आणि ती क्ष-किरणांवर आधारित मोजमापासाठी आहे. आज ते मोजमाप खुब्यावर आणि कण्यावर डेक्सा यंत्राने होते. टाचेचे यंत्र हाडातील खनिज मोजतच नाही. ते वेग आणि क्षीणन मोजते, आणि वर पाहिल्याप्रमाणे या दोहोंत खनिज, काड्यांची जाडी, त्यांची दिशा आणि मज्जा या सगळ्यांचा हात असतो. दोन वेगळ्या राशींना एकच पट्टी लावली, तर एकाच व्यक्तीला एका यंत्रावर दोष आणि दुसऱ्यावर निर्दोषत्व मिळू शकते. शहरांतल्या सोसायट्यांत आणि मंगल कार्यालयांत होणाऱ्या शिबिरांमध्ये हा आकडा लाल-पिवळ्या-हिरव्या पट्टीवर छापून हातात दिला जातो आणि लगेच गोळ्यांची चर्चा सुरू होते, हे योग्य नाही.

म्हणून तपासणी निरुपयोगी ठरते असेही नाही. फ्रान्समधील एपिडोस या पाहणीत 5662 वृद्ध स्त्रियांच्या टाचांचे मोजमाप घेऊन पुढे कोणाचा खुबा मोडतो याची नोंद ठेवली गेली, आणि 1996 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी वेग व कमी बीयूए असलेल्यांमध्ये खुब्याचा अस्थिभंग जास्त आढळला. म्हणजे धोका ओळखण्यात टाचेच्या तपासणीला स्थान आहे. आकडा कमी आला असेल, वय साठीच्या पुढे असेल किंवा किरकोळ पडण्याने आधी एखादे हाड मोडले असेल, तर डॉक्टरांकडून डेक्सा करून घ्यावा. आकडा चांगला आला, पण धोक्याची इतर कारणे असली, तरीही तेच करावे.

खुब्यावर आणि कण्यावरच अल्ट्रासाऊंड का करत नाहीत?

तिथे हाडाच्या दोन्ही बाजूंना चकत्या समोरासमोर लावायला जागा नाही, मऊ ऊतींचा थर जाड आहे आणि हाडांचा आकार वाकडातिकडा आहे. टाच मात्र दोन्ही बाजूंनी बऱ्यापैकी सपाट, वर ऊतींचा पातळ थर असलेली आणि भार उचलणारी आहे. तिच्यावरच सगळ्यांत जास्त काम झाले ते त्यामुळे. दुसरा रस्ता म्हणजे पलीकडे जाणाऱ्या लहरीचा नाद सोडून परत येणाऱ्या प्रतिध्वनीचा वर्णपट तपासणे. इटलीतील लेच्चे येथे विकसित झालेली रेम्स ही पद्धत कण्यावर आणि खुब्यावर हेच करते : रुग्णाच्या प्रतिध्वनीची तुलना आधीच निदान झालेल्या व्यक्तींच्या वर्णपटांशी केली जाते. भौतिक प्रतिरूपापेक्षा तुलनेवर भर असलेली ही वाट आहे, त्यामुळे तिचा संदर्भसंच कोणत्या लोकसमूहातून घेतला आहे हे भारतीय वाचकांनी आवर्जून विचारावे.

नडगीसारख्या लांब हाडात लहर कशी जाते?

तिथे प्रेषक आणि ग्राहक एकाच बाजूला, हाडाच्या लांबीवर ठेवतात. घट्ट भिंतीत शिरलेली लहर भिंतीच्या बाजूने धावते आणि वाटेत त्वचेकडे गळत राहते. सर्वांत आधी पोहोचणाऱ्या गळतीची वेळ मोजतात. 200 किलोहर्ट्झला तरंगलांबी 19 मिलिमीटर आणि भिंत चारेक मिलिमीटर असेल, तर भिंत एखाद्या पत्र्यासारखी थरथरते आणि वेग भिंतीच्या जाडीवर अवलंबून राहतो. हाडाची झीज बहुधा आतून, मज्जेच्या बाजूने सुरू होत असल्याने भिंत सच्छिद्र आणि पातळ होत चालली की हा वेग घटतो.

प्रयोगशाळेतील तुकडे पाण्यात ठेवून मोजतात. त्यातून खऱ्या हाडाचे ज्ञान कसे मिळते?

काही अंशीच मिळते, आणि तुकडा कसा तयार केला यावर बरेच ठरते. तुकड्यातील चरबी काढून पोकळ्यांत पाणी भरताना आत हवेचा बुडबुडा राहिला, तर सगळे मोजमाप वाया जाते. हवेचा ध्वनिरोध पाण्यापेक्षा काही हजार पटींनी कमी असल्याने त्या सीमेवरून जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते, आणि एक मिलिमीटरचा बुडबुडा आसपासच्या सगळ्या काड्यांपेक्षा मोठा प्रतिध्वनी देतो. म्हणून तुकडा पाण्यात बुडवून निर्वात पात्रात ठेवतात, बुडबुडे वर येणे थांबेपर्यंत वाट पाहतात आणि मगच टाकीत मोजतात. तुकडा हवेत उचलला तर ही क्रिया पुन्हा करावी लागते. मज्जेच्या जागी पाणी आल्याने क्षीणन आणि वेग दोन्ही बदलतात, ते वेगळेच.

तापमानाचाही एक खोडसाळ परिणाम आहे. तापमान वाढले की पाण्यात ध्वनीचा वेग वाढतो, चरबीत मात्र घटतो. खोलीच्या तापमानाला पाण्यात मोजलेला तुकडा आणि 37 अंशांवरची मज्जा असलेली जिवंत टाच यांची तुलना करताना दोन्हीकडच्या दुरुस्त्या विरुद्ध दिशांना कराव्या लागतात. टाचेच्या तपासणीतही पाय फार गार असतील तर वेगाचा आकडा सरकतो. त्याच व्यक्तीची वर्षभराने पुन्हा तपासणी करायची असेल, तर तेच यंत्र, तोच पाय, पावलाची तीच बैठक आणि पाय खोलीत स्थिरावल्यानंतरच मोजमाप, एवढे पथ्य पाळल्याशिवाय आकड्यातला बारीक फरक हाडाचा म्हणता येणार नाही.

अल्ट्रासाऊंडने मोडलेले हाड लवकर जुळते का?

हा उपचार वेगळा आहे आणि त्यात मोजमाप नसते. दीड मेगाहर्ट्झच्या, दर चौरस सेंटिमीटरला 30 मिलिवॅट इतक्या सौम्य तीव्रतेच्या तुटक लहरी रोज 20 मिनिटे त्वचेवरून दिल्या जातात. अमेरिकेत 1994 साली त्याला मान्यता मिळाली. सच्छिद्र माध्यमात द्रव आणि सांगाडा यांच्यातील सापेक्ष हालचाल पेशींना चेतवत असावी, अशी त्यामागची एक कल्पना होती. मात्र नडगीच्या ताज्या अस्थिभंगावर शस्त्रक्रिया झालेल्या 501 रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाले, उपचारामुळे रुग्ण लवकर कामाला लागले किंवा क्ष-किरणात हाड लवकर जुळलेले दिसले असे आढळले नाही. ताज्या अस्थिभंगासाठी कोणी हे यंत्र भाड्याने घ्यायला सुचवले, तर या चाचणीबद्दल डॉक्टरांशी बोलूनच खर्चाचा निर्णय घ्यावा.